सोनेरी गोफ आणि एकसष्ट कोट

कॉलेजकडून आलेलं ते पत्र ओलीटा प्रुइटनं स्वतः पुरतं वाचलं नव्हतं, पण गावातल्या चौदा माणसांना वाचायला लावलं होतं. पोस्टातली बाई, केस कापणारी डार्ला, औषधाच्या दुकानातला माणूस, आणि लाकडं टाकायला आलेला एक बिचारा, ज्याला ती कुठं रचायची एवढंच विचारायचं होतं. "मोठ्यानं वाचा," ती म्हणायची, "माझा चष्मा आत राहिलाय." चष्मा तिच्या डोक्यावर असायचा.

पत्रात असं होतं की तिची नात ब्रेना प्रुइट हिला, व्यापार शिकणाऱ्या हुशार मुलांचं कॉलेजात जे मानमंडळ असतं, त्यात घेतलं आहे. मंडळाचं नाव तीन ग्रीक अक्षरांचं. ओलीटाला ती उच्चारता येत नसत, म्हणून ती नुसतं "ते तीन अक्षरांचं" म्हणे. पण अशा ठसक्यात म्हणे की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला येतात, आपल्यालाच ऐकायची लायकी नाही.

सभासद करून घेण्याचा समारंभ झाला तेव्हा मुलांनी हातात मेणबत्त्या धरून खरेपणानं वागायची शपथ घेतली. ओलीटा पहिल्या रांगेत टोपी घालून बसली होती. सातवीत असताना आई आजारी पडली म्हणून तिनं शाळा सोडली ती कायमची. त्यानंतर कॉपर फोर्क गावातल्या मेथडिस्ट चर्चचं तळघर आणि त्यातलं स्वयंपाकघर तिनं एकतीस वर्षं असं चालवलं की पास्टरसुद्धा आत यायच्या आधी दार वाजवी. पण कॉलेजची पायरी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा चढली, आणि ती तिच्या मते जरा निसरडीच होती. कुणीतरी लक्ष द्यायला हवं.

त्या समारंभातच तिला सोनेरी गोफाची बातमी लागली. मंडळाच्या ज्या सभासदानं लोकसेवेचे चाळीस तास भरले, त्याला पदवीच्या दिवशी काळ्या झग्यावर गळ्यात सोनेरी गोफ घालायला मिळतो. प्रुइट घराण्यात आजवर दोर म्हणजे गवताच्या गठ्ठ्याला बांधायचा किंवा गाडी खड्ड्यातून ओढायचा. सोन्याच्या रंगाचा, गळ्यात घालायचा आणि तोही अकलेबद्दल मिळालेला दोर कुणी पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत ओलीटानं सगळ्या गावाला सांगून टाकलं की आमच्या ब्रेनाला गोफ मिळाला.

"मॅमॉ, मिळाला नाहीये अजून," ब्रेना म्हणाली. आजीला ती मॅमॉच म्हणे. त्या डोंगरांत सगळेच म्हणतात. "चाळीस तास भरायचेत. माझे बारा झालेत. दुकानातली नोकरी सांभाळून मी कुठून आणू?"

"किती दिवस आहेत?"

"फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारपर्यंत."

"मग आत्तापासून तोंड पाडून काय बसलीस? थंडी पडलीय. लोकांना कोट नाहीत. गावातून कोट गोळा करायचे, माझ्या तळघरात टांगायचे, ज्याला हवा त्यानं न्यायचा. झालं!"

झालं, असं ओलीटाला वाटलं. पण मानमंडळात कुठलीही गोष्ट सभा झाल्याशिवाय होत नाही, हे तिला कोण सांगणार?

सभा तिच्याच तळघरात भरली. अध्यक्ष कोरीन स्टॅम्पर, वय अडतीस. वीस वर्षं गोदामात पेट्या उचलून मग कॉलेजात आलेली, आणि दोन्हीकडचा उत्साह अंगात घेऊन आलेली. ओलीटा शेगडीपाशी उभी राहून ऐकत होती. कोट गोळा करावेत असा ठराव मांडला गेला. त्याला अनुमोदन मिळालं. मग मोहिमेला नाव काय द्यावं यावर उपसमिती नेमावी का, यावर चर्चा. मग कोटांवर लावायच्या चिकट्या निळ्या असाव्यात की हिरव्या, यावर दुरुस्ती, दुरुस्तीवर उपदुरुस्ती. ब्रेना सचिव असल्यामुळे हे सगळं वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेत होती.

"अगं बायांनो," ओलीटा शेवटी झारा आपटून म्हणाली, "एवढ्या वेळात मी मेंढी कातरून लोकर विणली असती!"

"मिस ओलीटा," कोरीन त्या भागातल्या रीतीप्रमाणे आदबीनं म्हणाली, "तुम्ही सभासद नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं नोंदता येणार नाही."

एकतीस वर्षं जिच्या परवानगीशिवाय त्या शेगडीवर पाणी तापलं नाही, तिचं म्हणणं नोंदता येत नव्हतं. ओलीटानं त्या दिवशी मुलांना नूडल्स वाढल्या, पण कोरीनला कोंबडीचा तुकडा लहान वाढला.

खरा घाव मात्र पुढे होता. तासांचा जो फॉर्म असतो त्यावर, ज्या जागी काम केलं तिथल्या पदाधिकाऱ्याची सही लागते. ओलीटा सही करायला पेन उघडून बसली, तर मंडळावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापिका डनअवे बाई म्हणाल्या, "सही करणारी व्यक्ती सभासदाची नातेवाईक चालत नाही. नियम आहे."

"म्हणजे मी खोटं लिहीन?"

"तसं नाही हो, मिस ओलीटा. नियम आहे."

"बरं. पास्टर करतील."

पण पास्टर गिलियम हा ओलीटाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. खजिनदार तिचा दीर. ऑर्गन वाजवणारी तिची चुलतसून. त्या चर्चमध्ये प्रुइटांशी नातं नसलेली, आणि हातात काही पद असलेली एकच व्यक्ती होती: इमारत समितीची अध्यक्ष, मेव्हिस टॅकेट.

आता मेव्हिसबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी एका मयताच्या जेवणात मेव्हिसनं ओलीटाच्या नूडल्सचं पातेलं टेबलाच्या टोकाला सरकवून मध्यभागी आपलं ठेवलं होतं, आणि वर चार लोकांत म्हणाली होती, "हिच्या नूडल्सना जरा मीठ कमी पडतं." त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचंच झालं तर पास्टरच्या मार्फत बोलत. दोघी समोरासमोर उभ्या असत आणि मध्ये तो बिचारा. "पास्टर, त्यांना सांगा, खिडकी लावा." "पास्टर, त्यांना सांगा, हात मोडलेत का." निम्मे केस त्यापायीच गेले त्याचे.

ओलीटानं दोन दिवस विचार केला. डार्ला म्हणाली, सरळ माफी माग. औषधवाला म्हणाला, केक घेऊन जा. पोस्टातल्या बाईनं तर पत्राचा मसुदाच करून दिला. सगळ्यांचे सल्ले ओलीटानं ऐकून घेतले आणि कुणाचाच मानला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फोन उचलला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

पलीकडे हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मग मेव्हिस म्हणाली, "पास्टर आजारी आहे का?"

"पोरीच्या कागदावर सही हवीय."

"गोफाची ना? ऐकलंय मी. मिळाला म्हणे."

"मिळेल."

"सही करीन," मेव्हिस म्हणाली. "पण काम डोळ्यांनी बघून, शेवटच्या दिवशी. आणि काही घोळ झाला तर नाही करणार. मी वाकड्या कागदावर सही करत नाही, ओलीटा. माझ्या नूडल्स कशाही असोत, माझी सही सरळ आहे."

अकरा वर्षांनी तिनं आपलं नाव घेतलं, हे ओलीटाच्या फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

महिनाभरात कोट किती आले म्हणता! तीनशेच्या वर. मुलांनी ते धुतले, बटणं लावली, चिकट्या डकवल्या. टांगायला जागा पुरेना, तेव्हा कोरीननं वरच्या मजल्यावरचे, म्हणजे चर्चच्या दारातले, कोट टांगायचे चाकांचे स्टँड खाली आणवले. मागच्या दारानं गरजवंत आत येणार. पुढच्या जिन्यानं दाते. जिन्याच्या तोंडाशी बाणाची पाटी, त्यावर कोटाचं चित्र. दात्याला कर भरताना दाखवायची पावती. "आलेला माल लगेच बाहेर," कोरीन म्हणे. "स्टँडवर राहिलेला कोट म्हणजे आपलं अपयश." वाटपाचा शनिवार ठरला. ब्रेनाचे पस्तीस तास झाले होते. शनिवारचे पाच की चाळीस. आणि सोमवारी फॉर्म द्यायचा.

बुधवारी होबार्ट लाइल वारला.

होबार्टनं साठ वर्षं साऱ्या पंचक्रोशीचे ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. त्याच्या मयताला सगळा गाव येणार, आणि ते शनिवारी सकाळी दहाला. वर मयत, खाली कोट, आणि मयताचं जेवण ओलीटाकडे. लोक म्हणाले, कोटांचं पुढं ढकल. ओलीटा म्हणाली, "होबार्टसाठी मी काय एका हातानं बटाटे कुस्करते की काय? दोन्ही होईल."

मेव्हिसनं मात्र गुरुवारी कोरीनला फोन करून बजावलं, "माझे स्टँड तुम्ही खाली नेलेत. मयताच्या लोकांचे कोट आता तुम्हीच सांभाळायचे. वेगळे ठेवा." कोरीननं ते इमानदारीनं संध्याकाळच्या सभेत मांडायला घेतलं. ब्रेनानं ते वहीत सुंदर अक्षरात लिहिलं: 'श्रीमती टॅकेट यांची सूचना.' पण तोवर निळ्या-हिरव्या चिकट्यांचा वाद पुन्हा उफाळला होता, दोन सभासदांची बस निघायची वेळ झाली, ते उठल्यावर सभेला पुरेशी डोकी उरेनात, आणि सूचना रीतसर पुढच्या सभेवर ढकलली गेली. सभा तहकूब. ठरावाशिवाय काही करायचं नाही, ही त्यांच्या मंडळाची शिस्त, आणि शिस्तीत त्यांना कुणी बोट दाखवू नये.

शनिवारी पाणी बादलीत गोठेल अशी थंडी होती. मागच्या दाराला सात वाजल्यापासून रांग. दहाच्या आत तीनशे कोट संपले आणि रांग तशीच होती. कोरीनचा चेहरा उतरला. आणि नेमकं तेव्हाच पुढच्या जिन्यावरून काळ्या कपड्यांतली चांगली-चांगली माणसं उतरायला लागली आणि अंगावरचे कोट काढून ब्रेनाच्या हातात द्यायला लागली. दारात स्टँड नाहीत, पाटीवर बाण आहे, टेबलाशी नम्र मुलं आहेत. मयतवाल्यांना वाटलं, होबार्टच्या पोरांनी काय थाट केलाय! मुलांना वाटलं, काय ही उदार माणसं!

"तुमच्या दातृत्वाबद्दल आभारी आहोत," ब्रेना प्रत्येकाला म्हणत होती आणि पावती देत होती. लोक पावती खिशात घालून वर जात होते. कोट मागच्या दाराकडे जात होते.

ओलीटा स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीतून बघत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. पोरीचा आवाज कसा, उभं राहणं कसं! तेवढ्यात जिन्यावरून मेव्हिस उतरली. उंटाच्या रंगाचा, केसाळ कॉलरचा तिचा तो कोट, ज्याच्याकडे अख्खं चर्च दर रविवारी बघे, तो तिनं शांतपणे उतरवला आणि ब्रेनाच्या हातात दिला. पावती घेतली. वर निघून गेली.

ओलीटाच्या हातातला झारा तसाच राहिला. कोट दान! आणि तोही माझ्या तळघरात, माझ्या नातीच्या हातात, माझ्या डोळ्यांदेखत! अकरा वर्षं वाट बघून बाईनं काय डाव टाकला! ओलीटानं पिठाचे हात पुसले, खिळ्यावरचा आपला वांगी रंगाचा, फक्त ईस्टर आणि मयतांना बाहेर निघणारा लोकरीचा कोट काढला, आणि तरातरा जाऊन टेबलावर ठेवला.

"मॅमॉ, तुझा चांगला कोट?"

"पावती कर," ओलीटा म्हणाली. "आणि नाव मोठ्या अक्षरात लिही."

वर शेवटचं गाणं संपलं. शववाहिकेचं इंजिन सुरू झालं. लोक दफनभूमीकडे जायला म्हणून खाली आले. स्टँड रिकामे. कोरीन भिंतीवरच्या तक्त्यावर लाल रेघ ओढून शंभर टक्क्यांच्या वर नेत होती.

"माझा कोट?" पहिल्या माणसानं पावती पुढे केली.

"ही करासाठी आहे, सर. जपून ठेवा."

मग जे झालं ते कुणी वहीत लिहून घेतलं नाही, तेच बरं. एकसष्ट माणसं, एकसष्ट पावत्या. गाडीच्या किल्ल्या कोटांच्या खिशांत. होबार्टच्या थोरल्या भावाचे खालचे खोटे दात कोटाच्या खिशात. ब्रेनानं वही उघडली, तिला आपल्याच सुंदर अक्षरातली सूचना दिसली, आणि ती खुर्चीवर बसली.

स्टँडवर एकच कोट उरला होता. वांगी रंगाचा. त्याला डांबरगोळ्यांचा असा वास येत होता की कुडकुडणाऱ्या माणसांनीसुद्धा तो हातात घेऊन परत टांगला होता. आजच्या दिवसात ओलीटाला काय लागलं असेल तर ते हे. गावातले सगळे कोट गेले. तिचा कुणी फुकटसुद्धा नेला नाही.

पण ती प्रुइट होती. "काय बघत उभे राहिलात?" ती गरजली. "गाणाऱ्यांचे झगे काढा कपाटातून! टेबलांवरची कापडं काढा! पडदे काढा! होबार्ट बाहेर वाट बघतोय आणि त्याला वाट बघायची सवय नाही!"

मग कॉपर फोर्कनं कधी पाहिली नव्हती अशी अंत्ययात्रा निघाली. गाड्यांच्या किल्ल्या नाहीत म्हणून पायी. लाल झगे, टेबलांवरची पांढरी कापडं, बँकेचा मॅनेजर ख्रिसमसच्या नाटकातल्या मेंढपाळाच्या वेषात. होबार्टची बायको ओपल हिला मुलांनी पडद्यात गुंडाळली होती. ती आधी रडली, मग वळून मागची रांग बघितली आणि हसत सुटली. "त्याला दाखवायला हवं होतं हे," ती म्हणाली.

मेव्हिस जिन्यापाशी नुसत्या पोशाखात उभी होती. ओलीटानं स्टँडवरचा कोट काढून तिच्यापुढे धरला. पास्टर सवयीनं मध्ये येऊन उभा राहिला होता. त्याला दोघींनी बाजूला केलं.

"घाल."

"वास येतो," मेव्हिस म्हणाली, आणि घातला.

लोक परत आले तोवर मंडळाची तातडीची सभा भरली होती. कोट परत गोळा करावेत, असा ठराव कोरीन मांडत होती. ओलीटा पातेलं घेऊन मध्ये उभी राहिली. "दिलेलं परत मागायचं नाही. माझ्या तळघरातून नाही. हे नोंदवा नाहीतर नका नोंदवू."

ठराव मांडायचा राहूनच गेला, कारण मागचं दार वाजलं. एक माणूस हातात किल्ल्या घेऊन उभा होता. "खिशात निघाल्या. कुणाचं तरी घरी जायचं अडलं असेल." त्याच्यामागं दुसरा. मग एक बाई, रुमालात गुंडाळलेले दात घेऊन. पुन्हा रांग लागली, या वेळी परत करायला. पुष्कळांनी कोटही उतरवून दिले. पुष्कळ मयतवाल्यांनी ते परत त्यांच्या खांद्यावर टाकले. ब्रेना दुपारभर पावत्यांवरून नावं जुळवत, एकेका मालकापुढे उभी राहून "चूक माझी होती" म्हणत होती. कुणाला परत पाठवायला ओलीटा थोडीच बसली होती? सगळ्यांना बसवलं. पातेली दोनदा चढवली. त्या दिवशी मयताच्या जेवणाला होबार्टला कधी न भेटलेली माणसं होती आणि सगळ्यात जास्त तीच जेवली.

उंटाच्या रंगाचा कोट घालून एक पोटुशी पोरगी आली. तिच्या हातात मेव्हिसचा चष्मा आणि पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. ती बटणं काढायला लागली. मेव्हिसनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कॉलर वर कर," ती म्हणाली. "तो तसा घालतात. आणि पावसात नेऊ नकोस."

रविवारी संध्याकाळी ब्रेनानं फॉर्म भरला. ओलीटानं मागून बघितलं. अक्षरं तिला अडखळत लागत, आकडे नाही. शनिवारच्या पाच तासांवर पोरीनं रेघ मारली होती. बेरीज पस्तीस.

"हे काय?"

"लोकांचे कोट वाटून टाकले, मॅमॉ. सूचना माझ्याच वहीत होती. ती सेवा नव्हे."

"पुस ती रेघ! सगळ्या गावाला सांगून बसलेय मी!"

"मी शपथ घेतलीय. तू पहिल्या रांगेत होतीस."

ओलीटा तिला खूप बोलली. गाढव म्हणाली, आजोबांवर गेलीस म्हणाली. मग भांडी घासायला गेली आणि एकच ताट दहा मिनिटं घासत राहिली. गोफ गेला होता. पण ती रेघ पट्टीनं मारल्यासारखी सरळ होती, आणि ती मारायला प्रुइटांच्या घरात आधी कुणाची छाती झाली असती, ते तिला आठवेना.

सोमवारी सकाळी ती फॉर्म घेऊन स्वतः मेव्हिसकडे गेली. पस्तीस तर पस्तीस, सही तरी हवीच. मेव्हिसनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "ही रेघ तू मारायला लावलीस?"

"मी पुसायला लावत होते," ओलीटा म्हणाली. खोटं तिलाही येत नव्हतं.

मेव्हिसनं कागद टेबलावर सपाट केला. मग पेन उघडून तिनं सकाळच्या पाच तासांवरची रेघ तशीच ठेवली, आणि खाली नवी ओळ लिहिली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, कारण ओलीटाचा चष्मा डोक्यावर होता. "शनिवार, दुपारी बारा ते पाच. एकसष्ट माणसांची तोंडावर माफी मागितली, किल्ल्या व दात पोचते केले, भांडी घासली. तास पाच. मी डोळ्यांनी पाहिलं." आणि सही केली. सरळ.

ओलीटाला काहीतरी म्हणायचं होतं. म्हणाली ते असं, "माझा कोट राहिलाय तुझ्याकडे."

"कसला कोट? तू दान दिलास. पावती आहे तळघरातल्या टेबलावर, तुझ्या नावाची, मोठ्या अक्षरात."

मे महिन्यात पदवीदान झालं. उन्हानं खुर्च्यांचं प्लॅस्टिक चटके देत होतं. ओलीटानं शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरली होती. मेव्हिस आली, आणि अख्ख्या मैदानानं वळून पाहिलं. अंगात वांगी रंगाचा लोकरीचा कोट, वरपर्यंत बटणं लावलेली, चेहरा टोमॅटोसारखा, आणि चार रांगांना पुरेल एवढा डांबरगोळ्यांचा वास.

"मरशील," ओलीटा म्हणाली.

"शोभतो मला," मेव्हिस म्हणाली. "परवा तुझ्या नूडल्स खाल्ल्या. मीठ बरं होतं."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. ब्रेना प्रुइट. काळा झगा, आणि त्यावर गळ्यापासून कमरेपर्यंत सोनेरी गोफ, उन्हात असा चमकत होता की ओलीटाला पुढचं काही दिसेना. तिनं पर्स चाचपली. रुमाल नव्हता. शेजारून मेव्हिसनं कोटाच्या खिशात हात घातला आणि एक रुमाल तिच्या मांडीवर टाकला. कोपऱ्यात जांभळ्या दोऱ्यानं 'ओ' विणलेला.

"हा माझा आहे," ओलीटा नाक पुसत म्हणाली.

"पावती दाखव," मेव्हिस म्हणाली.